मेटलचा ऱ्हिदम टोन: नवशिक्यांसाठी सचित्र मार्गदर्शन (चित्रांविना)

गेनचा नॉब दहावर न्यावा. ही पायरी आजवर कोणालाच टाळता आलेली नाही, तेव्हा आपणही शहाणपणा करू नये. आता तारांना हात न लावता शांत बसावं. तरीही अॅम्प घोंघावतोय ना? मग नॉइज गेट घ्यावा, आणि घोंघावण्याबरोबर सुरांची शेपटंही कापली जातील अशा बेताने लावावा. एवढ्या गेनमध्ये हळू छेडलेली आणि जोरात हाणलेली तार सारख्याच जोराची ऐकू येते. म्हणजे चुका लपतात. रिफही लपतो.

पुढे मिड शून्यावर, बेस आणि ट्रेबल पूर्ण. दार लावून एकट्याने वाजवताना हा आवाज इतका भव्य वाटतो की नॉबच्या जागांचा फोटो काढून ठेवावासा वाटेल. काढावा. मग तीच सेटिंग बँडच्या तालमीला न्यावी. खालचा पट्टा बेस गिटार आणि किक ड्रमने आधीच बळकावलेला, वरचा सिम्बल्सनी. गिटारची हक्काची जागा मधली, आणि ती तर आपण स्वतःच रिकामी करून आलो. अशा वेळी साउंडवाल्याकडे रागाने पाहायची पद्धत आहे.

यानंतर आयबानेझचा हिरवा ट्यूब स्क्रीमर आणावा. पैसे मोजून घेतलेल्या ओव्हरड्राइव्हचा ड्राइव्ह शून्यावर आणि लेव्हल पूर्ण ठेवायची. घरच्यांना हे समजावत बसू नये. हे पेडल अॅम्पच्या आधीच खालचा गदारोळ छाटतं, मिड पुढे ढकलतं. पाम म्यूट तुटक, टणक येतो. आता गेन निम्म्यावर आणला तरी भागतं, फक्त मित्रांना सांगू नये.

सगळं पूर्ण फिरवायचीच हौस असेल, तर स्टॉकहोमचं उदाहरण द्यावं. सनलाइट स्टुडिओत एन्टूम्ड या बँडने १९९० साली आलेला ‘लेफ्ट हँड पाथ’ हा अल्बम केला, तो बॉसच्या एचएम-२ पेडलचे चारही नॉब टोकाला नेऊन मिळणाऱ्या करवती आवाजात. मात्र त्या पेडलवर ‘हाय’ म्हणून जो नॉब आहे, तो खरं तर एक किलोहर्ट्झच्या आसपासचे मिडच उचलतो, ही माहिती वादात हरण्याची वेळ येईपर्यंत राखून ठेवावी.

रेकॉर्डिंग करताना माइक स्पीकरच्या मध्यापासून बोटभर कडेला सरकवून पाहावा. तासभर नॉब पिळून जे साधलं नव्हतं, ते तिथे साधतं आणि फार राग येतो. रिफ दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे टाकावा. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर आवाज रुंद होत नाही, मधोमध येऊन बसतो. गिटारवादक जेम्स हेटफिल्डने १९८६ च्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’ अल्बमवर ऱ्हिदमचे थर स्वतःच एकावर एक वाजवले, तेही बहुतेक डाउनस्ट्रोकनी. मनगट दुखू लागलं तर सेटिंग बदलू नये.

एवढं करूनही टोन मंद वाटला, तर गंजलेल्या तारा बदलाव्यात. हा उपाय सगळ्यात स्वस्त, म्हणून तो नवा अॅम्प घेतल्यानंतरच करतात.