फोटो कोणाचा, मंगलाष्टकं कोणाची?

कळमेश्वरात काटोल रोडवर एका फोटो स्टुडिओच्या फ्लेक्सवर माझी पुतणी दिसली. नाकात नथ, कपाळावर मुंडावळ्या आणि खांद्याला खेटून ‘प्री-वेडिंगवर खास सूट’. लग्न होऊन ती पुण्याला गेली, त्याला सहा महिने झाले होते.

आत जाऊन विचारलं, तर पोरगा म्हणाला, “काका, अल्बम तुमचा, पण फोटो तं मीच काढला ना!”

बोलणं पटण्यासारखं होतं, म्हणूनच १९५७चा कॉपीराइट कायदा काढून बसलो. तो म्हणतो, पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केला नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे चेहरा पुतणीचा, बोट पोराचं आणि मालकी आमच्या दादाची, कारण ॲडव्हान्स त्याने मोजला होता. कन्यादान झालं, पण फोटोंवरचा हक्क बापाकडेच राहिला.

मग मंगलाष्टकं आठवली. एका निवृत्त गुरुजींकडून ती मुद्दाम लिहून घेतली होती. शार्दूलविक्रीडित, ओळीला १९ अक्षरं. त्यात आजी, दोन्ही मामा आणि अदाशाचा गणपतीही बसवलेला. शाल, श्रीफळ, पाकीट दिलं. पुढच्याच मोसमात दुसऱ्या मांडवात तीच ऐकू आली. नवरीचं तीन अक्षरी नाव तेवढं बदललेलं. लघु-गुरू जागच्या जागी. वहिनी कुजबुजली, “पाकीट आपलं, अन् कडवी यांच्या पोरीला?”

इथे मात्र कायदा गुरुजींच्या बाजूने. ते काही आपले पगारी नोकर नव्हेत. पाकीट घेतलं तरी शब्द त्यांचेच, ते असेपर्यंत आणि पुढे ६० वर्षं. हक्क आपल्याकडे घ्यायचा तर लेखी, सहीनिशी. त्यात मुदत लिहायची राहिली तर ५ वर्षांपुरताच. संसार सात जन्मांचा, मंगलाष्टकं पाच वर्षांची! एकाच मांडवातले हे दोन न्याय. सुखी फक्त वरातीचा बँड; लग्नातल्या वाजवण्याला कायद्यानेच सूट दिली आहे.

दादाला फ्लेक्सखाली नेऊन त्याची मालकी समजावून सांगितली. तो मान वर करून बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, “राहू दे. येता-जाता दिसते.”

तर तो फ्लेक्स आता मालकाच्या परवानगीने उभा आहे. तुम्ही मात्र यंदा बुकिंगच्या पावतीवर, ॲडव्हान्सच्या आकड्याखाली, एक ओळ जास्तीची लिहून घ्या.