कोल्हा आणि फ्लोअर राइज

सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत गळती आणि पार्किंग हे दोन विषय आटोपले की माणसं खुर्च्या मागे सरकवू लागतात. यंदा कोणी जागचं हललं नाही. कारण विषय क्रमांक सात होता : ‘आवारात आढळलेला कोल्हा, विचारविनिमय व बंदोबस्त.’ विचारविनिमय कितपत झाला ते विचारू नका. बंदोबस्त मात्र पहिल्याच मिनिटाला ठरला होता.

आमची इमारत ठाणे खाडीच्या काठी, नवी मुंबईच्या अंगाला. मागे कंपाउंडची भिंत आणि भिंतीपलीकडे कांदळवन. या भिंतीला एक भगदाड आहे. त्यातून पहाटे कोल्हा आत आला, कचऱ्याच्या खोलीपाशी काहीतरी उचललं आणि आला तसा गेला. सीसीटीव्हीतली ती फीत सकाळी ग्रुपवर पडली आणि दुपारपर्यंत इमारतीचे उभे तुकडे झाले. खरं तर आडवे.

पहिल्या मजल्यावरच्यांनी मुलांना खाली पाठवणं बंद केलं. तिसऱ्या मजल्याने पिंजऱ्याची मागणी केली, पिंजऱ्याचा खर्च सिंकिंग फंडातून करावा असंही सुचवलं. सातव्या मजल्यावरून ‘किती गोड आहे’ असे संदेश येऊ लागले. चौदाव्या मजल्यावर एक हौशी छायाचित्रकार राहतात. त्यांचं म्हणणं, प्राण्याने यावं, जरूर यावं, फक्त जरा उजाडल्यावर यावं. आणि बाविसाव्या मजल्यावरून सहजीवनावर लांबलचक इंग्रजी निबंध आला. त्यात ‘त्यांच्या घरात आपण घुसलो आहोत’ हे वाक्य दोनदा होतं. निबंध लिहिणाऱ्यांनी खाडीचा व्ह्यू मिळावा म्हणून फ्लॅट बदलून घेतला होता, हे सेक्रेटरींना ठाऊक होतं, पण ते बोलले नाहीत. बिल्डर ‘फ्लोअर राइज’ म्हणून दर मजल्यामागे चौरस फुटाला जो जादा दर लावतो, तो हवेचा असतो अशी माझी समजूत होती. आता कळलं, भूतदयाही त्यातच धरलेली असते.

मुलांनी वेगळाच आक्षेप घेतला. हा कोल्हाच नाही म्हणे. त्यांच्या पुस्तकातला कोल्हा नारिंगी, झुपकेदार शेपटीचा, शेपटीचं टोक पांढरं. तो बिचारा युरोपातला, चित्रांसकट आयात झालेला. आपला कोल्हा मळकट पिवळसर, सडपातळ, लांबून पाहिला तर वाट चुकलेलं कुत्रं. ‘बी’ विंगमधल्या काकूंनी त्याला तसंच समजून काही आठवडे दूध-पोळी घातली होती, ही बातमी सभेतच फुटली. ‘मला वाटलं नवीन मोत्या आलाय,’ काकू म्हणाल्या. खेकडे, मासे, उंदीर, घुशी असा ज्याचा आहार, त्याला दूध-पोळी कशी चालली, असं कोणीतरी विचारलं. कोल्हा काकडीला राजी असतो हे आपल्या पूर्वजांनी पाहून ठेवलं आहे. पोळीचं कसलं घेऊन बसलात?

मग पहिल्या मजल्यावरचे डॉक्टर उठले. २०२४ साली ट्रॉम्बे-चेंबूर भागात कोल्हे माणसांना चावले होते आणि काही कोल्ह्यांना रेबीज झाल्याचं तपासणीत निघालं होतं, याची त्यांनी आठवण करून दिली. हा मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. बाविसावा मजलासुद्धा खाली मान घालून मोबाइलमध्ये काहीतरी शोधू लागला. पण डॉक्टर पुढे म्हणाले की, हा रोग कोल्ह्यांना बहुधा भटक्या कुत्र्यांकडून येतो, आणि दोघांची गाठ पडते ती कचऱ्याच्या ढिगाशी. म्हणजे आधी आपला कचरा आवरा. हे ऐकताच सभा एकदम सावध झाली. कचऱ्याची खोली बंदिस्त करण्याचा विषय क्रमांक चार होता आणि तो नुकताच ‘निधीअभावी’ पुढच्या वर्षावर ढकलून आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

एक गोष्ट मात्र कोल्ह्याच्या बाजूने कोणीच मांडली नाही. याच खाडीतल्या फ्लेमिंगोंवर आम्ही फिदा आहोत. खाडीत त्यांच्या नावाचं अभयारण्य २०१५ साली झालं, २०२२ साली त्याला रामसरचा दर्जा मिळाला आणि आमच्या फ्लॅटांच्या जाहिरातींत त्या दर्जाने थेट भाव खाल्ला. शहराने स्वतःला फ्लेमिंगो सिटी म्हणवून घेतलं, ठिकठिकाणी गुलाबी पुतळे बसले. कोल्हा त्याच कांदळवनातला, त्याच चिखलातला, आणि तो तर बारमाही. पण रंगाने पडला.

‘पकडून जंगलात सोडा,’ असा ठराव तिसऱ्या मजल्याने मांडला. सभासदांतल्या एका वकिलांनी सांगितलं, वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर कोल्हा पहिल्या अनुसूचीत आहे, परवानगीशिवाय हात लावाल तर जामीन मलाच मागावा लागेल. ‘मग वनखात्याने सोडावा. नॅशनल पार्कात.’ पण नॅशनल पार्काच्या चारी बाजूंनीही आमच्यासारख्याच सोसायट्या आहेत आणि त्यांच्या विषयपत्रिकेवर बिबट्या आहे.

वॉचमन इतका वेळ दारात उभा होता. तो अकोले तालुक्यातला, म्हणजे बिबट्याला ‘वाघ’ म्हणणाऱ्या मुलखातला. तो म्हणाला, सोडून काय होतंय साहेब? शेजारच्या जुन्नरात २००१ ते २००३ या काळात धडाधड बिबटे धरून लांब लांब सोडले, तर हल्ले घटायचे सोडून वाढले. अभ्यासकांनी पुढे कागदावर तेच मांडलं. २००९ साली नगर जिल्ह्यातल्या एका विहिरीतून काढलेला म्हातारा बिबट्या गळ्यात रेडिओ कॉलर घालून माळशेजजवळ सोडला; तो चालत चालत मुंबईच्या नॅशनल पार्कापर्यंत आला. त्याचं नाव आजोबा. त्याच्यावर सिनेमाही निघाला. सोडायला माणसाला जागा सापडते, राहायची जागा मात्र जनावर स्वतः ठरवतं.

‘म्हणजे तुमच्या गावात बिबट्यांबरोबर कसं छान जमवून घेतलंय!’ बाविसावा मजला हर्षाने म्हणाला.

वॉचमनने त्यांच्याकडे नीट पाहिलं. आई रात्री बाहेर पडताना बॅटरी घेते आणि मोठ्याने बोलत जाते. एवढंच जमवून घेतलंय, म्हणाला. ऊस घराच्या भिंतीला लागलेला, उसात बिबट्याची पिल्लं. २०२५ मध्ये शिरूर तालुक्यात माणसं गेली, लहान मुलं गेली. तिथल्या पिंपरखेडला बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून रानात जाऊ लागल्या. तोवर नागपूरच्या अधिवेशनात एक आमदार बिबट्याच्या वेशात येऊन गेले आणि बिबटे गावात येऊ नयेत म्हणून जंगलात एक कोटीच्या शेळ्या सोडण्याची कल्पना खुद्द वनमंत्र्यांनी मांडली. शेळ्या कितव्या मजल्यावरून सोडायच्या, हे ठरायचं राहिलं.

शेवटी मधला मार्ग म्हणून वनखात्याला पत्र धाडायचं ठरलं. सेक्रेटरींनी तिथेच मसुदा वाचला : ‘सदर कोल्हा हा सोसायटीचा सभासद नसून, त्याच्याकडे येथील रहिवासाचा कोणताही अधिकृत कागद नाही, तसेच तो मेंटेनन्स भरत नाही.’ मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, ‘ओसी तर आपल्या बिल्डिंगचीही आलेली नाही.’ सेक्रेटरींनी कागदाचं वाक्य खोडलं. आता कोल्ह्याविरुद्ध उरली आहे ती फक्त मेंटेनन्सची थकबाकी, आणि खजिनदारांच्या यादीत तो पहिल्या दहातही बसत नाही.