निकाल राखून ठेवणारे काका

डोंबिवली पूर्वेला फडके रोडच्या मागच्या गल्ल्यांत चार मजल्यांच्या, बिनलिफ्टच्या, पुनर्विकासाच्या नुसत्या वार्तेवर तग धरून असलेल्या सोसायट्या आहेत. त्यांतल्या प्रत्येक सोसायटीत असे एक काका सापडतात. खूण एकच. ते कुठल्याही गोष्टीवर तिथल्या तिथे मत देत नाहीत. 'चहा घेणार का?' असं विचारलं तरी ते आधी स्वयंपाकघराकडे कान लावतात. फ्रिज उघडल्याचा आवाज आला तर विचारणं मनापासून होतं. नाही आला, तर रीत म्हणून. मग ते 'नको' म्हणतात. तोवर विचारणारी बाई स्वतःचा चहा पिऊन कप विसळत असते.

आमच्या सोसायटीतले काका 'व्हिटर्बीकाका' म्हणून ओळखले जातात. हे नाव ते स्वतःच ऊठसूट घेत असतात, म्हणून चिकटलं. एका नव्या सचिवाला ते आडनाव वाटलं आणि त्या महिन्याचं मेन्टेनन्सचं बिल तसंच छापून आलं. काकांनी ते भरलं.

काका नोकरीला अंधेरीच्या सीप्झमध्ये होते. सिरजंग लाल टंडन नावाच्या इंजिनिअरने १९७५ साली अमेरिकेत फ्लॉपी ड्राइव्हची रीड-राइट हेड बनवणारी कंपनी काढली. काम बोटांचं, डोळे फोडणारं आणि तिकडच्या पगारात न परवडणारं, म्हणून ते हिंदुस्थानात आलं. १९८१ साली आयबीएमचा पीसी निघाला तेव्हा त्यात टंडनच्याच ड्राइव्ह बसत. मुंबईत हा उद्योग रुजला त्या काळातले काका. त्यामुळे अमेरिकेतला पहिला पीसी आपणच चालू केला अशा थाटात ते बोलतात. आम्ही अडवत नाही. डोंबिवलीहून घाटकोपर आणि तिथून बसने सीप्झ असा प्रवास ज्याने मेट्रो येण्याआधी उभा जन्म केला, त्याला एवढी सूट असावी.

काकांचं सगळं तत्त्वज्ञान त्या लोकलमध्ये तयार झालं, आणि त्याचा पाया म्हणजे चौथी सीट. "तिघांच्या बाकावर चौथा टेकला की काय होतं? प्रत्येकाचा खांदा दुसऱ्याच्या हद्दीत. डिस्कचं तेच. १९५६ साली आयबीएमची पहिली डिस्क आली तेव्हा इंचाला २० ट्रॅक. फर्स्ट क्लास! आमच्या फ्लॉपीवर ४८. तेही ऐसपैस. आज लाखांनी आहेत, आणि नव्या डिस्कवर तर कौलं चढवावीत तसे एकाच्या कडेवर दुसरा." मग ते समोरच्याकडे रोखून पाहतात. "आता तू ट्रॅक वाचतोयस. तुला तुझाच आवाज ऐकू येईल का? शेजाऱ्याचा मिसळणारच."

इथे सुज्ञ माणूस 'बरं काका, निघतो' म्हणतो. मी एकदा बसून राहिलो, त्यामुळे पुढचं मला माहीत आहे.

डिस्कवर चुंबकाची दिशा जिथे बदलते तिथे हेडमध्ये विजेचा एक उंचवटा उमटतो. जुनी पद्धत सरळ होती. उंचवटा दिसला की 'एक', नाहीतर 'शून्य'. पण खुणा दाटीने लिहिल्या की एकीचा उंचवटा दुसरीच्या अंगावर सांडतो. मग दोन्ही जागच्या हलतात, नाहीतर एकमेकींना खाऊन टाकतात. इंजिनिअर बरीच वर्षं त्यांना वेगळं ठेवायच्या खटपटीत होते. १९९० साली आयबीएमने बाजारात आणलेल्या डिस्कने हा हट्टच सोडला. सांडू दे. किती सांडायचं ते मात्र आधी ठरवून ठेवलं, आणि एकेक उंचवटा तपासण्याऐवजी अख्खी ओळ ऐकून उलटा प्रश्न विचारला: मुळात काय लिहिलेलं असतं तर हे असं ऐकू आलं असतं? शक्यता अगणित. त्यांतल्या दुबळ्या वाटेतच छाटत जायच्या, तगड्या तेवढ्या जिवंत ठेवायच्या आणि निकाल जरा उशिराने द्यायचा, ही रीत अँड्र्यू व्हिटर्बी यांनी १९६७ सालीच सांगितली होती. तीही डिस्कसाठी नव्हे, दूरसंदेशासाठी.

डिस्कमध्ये हा उशीर सेकंदाच्या लक्षांशातही मावतो. काकांचं तसं नाही.

मागे आम्ही काही जण गडकरी रंगायतनला नाटक बघून ठाणे स्टेशनावर आलो. रात्रीची वेळ, गर्दी, आणि ज्याला बारा महिने सर्दी असते असा तिथला स्पीकर. प्लॅटफॉर्मचा आकडा काही कळेना. काकांनी डोळे मिटून हात वर केला. "'आ' नक्की आहे. चार, पाच, सात, आठ. चौघंही जिवंत." पुढे काहीतरी खरखरलं. "आठ मेला." आम्ही पुलावर खोळंबून उभे. "पाच. शंकाच नाही." काकांचा निकाल अचूक होता. आम्ही पोचलो तेव्हा पाचवरून लोकलचा मागचा दिवा कळव्याच्या दिशेने चालला होता. काकू त्याच लोकलमध्ये होत्या. त्या 'प्लॅट' एवढं ऐकूनच जिना उतरतात. कधी चुकीचा उतरतात, पुन्हा चढतात, पण घरी पोचून भाताचा कुकर लावतात. काका त्यांना 'पीक डिटेक्टर' म्हणतात, म्हणजे उंचवटा दिसला की निकाल देणारं जुनं यंत्र. काकूंच्या मते त्यांच्या थोरल्या भावाने ते यंत्र लग्नाआधी वापरलं नसतं तर बरं झालं असतं.

घरातही तेच. काकांच्या डावीकडे मालिकांचं घर आहे आणि उजवीकडे गाण्याचा क्लास. भिंती वीटभर जाडीच्या. साडेसातच्या बातम्या लागल्या की डावीकडून सुनेचं रडं आणि उजवीकडून भूप येतो. दुसऱ्या कुणी आवाज वाढवला असता किंवा भिंतीवर धपाटे घातले असते. काका यातलं काही करत नाहीत. एका संध्याकाळी ते हातात वही घेऊन डावीकडच्या दारात उभे राहिले आणि अत्यंत अदबीने म्हणाले, "वहिनी, काल सात पस्तीसला तुमच्याकडे कोण काय म्हणालं, ते सांगाल का? मला माझ्या बातम्यांतून वजा करायचंय."

वहिनींनी दार लावून घेतलं. काल सात पस्तीसला मालिका बंद होती आणि त्यांच्या घरात खरंच कुणीतरी काहीतरी म्हणालं होतं.

काकांचा उद्देश मात्र शुद्ध होता. शेजारच्या ट्रॅकवर काय लिहिलंय ते कळलं की त्याचा जेवढा भाग आपल्यात सांडला तेवढा वजा करता येतो. हल्ली तर एकाच हेडवर दोन वाचक बसवतात, म्हणजे एकाच ट्रॅककडे दोन कानांनी ऐकून शेजाऱ्याचा आवाज वेगळा काढता येतो. काकांच्या दुसऱ्या कानात मात्र कापसाचा बोळा असतो. काकूंनीच दिलेला. उजवीकडच्या बाईंनी त्यांना क्लासचं वेळापत्रक आनंदाने दिलं. रागांची नावं वेळेसकट लिहून घेणारा श्रोता डोंबिवलीतसुद्धा रोज भेटत नाही.

काकांचं खरं कौशल्य दिसतं ते सोसायटीच्या सभेत. पुनर्विकासाचा विषय निघाला की आमच्याकडे बावीस जण एकाच वेळी बोलतात. अध्यक्ष टेबल वाजवतात, तो आवाज तेविसावा. इतिवृत्त लिहायचं काम इतर सगळ्यांनी सोडून दिल्यामुळे ते काकांकडे आलं. काका कुणाला गप्प करत नाहीत. गप्प केलेला माणूस पुढे काय बोलला असता ते कळत नाही, आणि त्यांचा सगळा भर पुढच्यावर. एक गृहस्थ पुटपुटले, "माझी हरकत…" आणि 'नाही' की 'आहे' ते गदारोळात बुडालं. काकांनी दोन्ही शक्यता वहीत शेजारीशेजारी लिहिल्या. वीस मिनिटांनी त्याच गृहस्थांनी नव्या इमारतीत पार्किंग स्टिल्टखाली मिळणार की पोडियमवर, अशी चौकशी केली. काकांनी 'आहे'वर काट मारली.

त्या दिवशी खजिनदार फार खोकत होते. "काका, त्या खोकल्यात काही ऐकू येतंय का?" मी विचारलं. काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि भर सभेत कुजबुजत कार्नेगी मेलन विद्यापीठाची गोष्ट सांगितली. तिथे अलेक्सांदर काव्चिच नावाचा विद्यार्थी आणि जोझे मौरा हे त्याचे प्राध्यापक. त्यांचं म्हणणं असं की डिस्कवरचा गोंगाट सरसकट सारखा नसतो. शेजारीशेजारी कुठल्या खुणा लिहिल्यात त्यावर तो बदलतो, तेव्हा तोही हिशेबात धरा. त्यावरची त्यांची पेटंट मार्व्हल या कंपनीच्या चिपमध्ये परवानगीवाचून वापरली, असा दावा विद्यापीठाने लावला. पिट्सबर्गच्या ज्युरीने २०१२ साली ११७ कोटी डॉलर भरपाई ठरवली आणि २०१६ साली ७५ कोटींवर तडजोड झाली.

"७५ कोटी डॉलर," काका म्हणाले. "गोंगाटाचे!" या आकड्याने आमच्या आख्ख्या गल्लीचा पुनर्विकास होऊन वर क्लबहाऊस झालं असतं. समोर बसलेल्यांपैकी दोघांना एवढंच ऐकू आलं आणि बिल्डरने ऑफर वाढवली अशी बातमी तळमजल्यापर्यंत गेली.

पुढच्या सभेत पहिला विषय नेहमीप्रमाणे मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. काका उभे राहिले. गेल्या वेळी ज्यांना आपण काय बोललो तेही आठवत नव्हतं, ते आपापली मतं ऐकून माना डोलवत होते. काहींना ती आवडलीही. मग काकांनी वाचलं, "विकासकाच्या प्रस्तावास मा. खजिनदार यांनी तीन वेळा खोकून विरोध नोंदवला."

खजिनदार ताडकन उठले. "अहो, काय लिहिता? मला ब्रॉन्कायटिस आहे! औषध चालू आहे माझं!"

"औषध आम्हालाही माहीत आहे," काका शांतपणे म्हणाले. "पण वॉचमनच्या पगारावर अर्धा तास चर्चा झाली, तेव्हा तुम्ही एकदाही खोकला नाहीत. लिफ्ट बसवण्याच्या विषयाला नाही, पाण्याच्या टाकीला नाही. विकासकाचं नाव निघालं की मात्र खोकला."

"हा शुद्ध योगायोग आहे! त्या विकासकाला माझा अजिबात…" खजिनदारांना पुढे बोलवेना. घशात काहीतरी अडकलं. ते टेबलाला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकले.

काकांनी पेनचं टोपण काढलं, 'तीन' खोडून 'चार' केलं आणि सूचक-अनुमोदक कोण ते विचारलं.