चेहरा वाचणारे मामा

जगात जर्मनी, भारतात परभणी, आणि परभणी जिल्ह्यात दर गावाच्या पारावर एक मामा. मानवतच्या मोंढ्यात कापसाची गाडी बघून हे वजन सांगतात आणि गाडीवाल्याचं तोंड बघून त्याच्या घरची हालहवाल. ‘म्या माणूस बगूनच वळखतो,’ हे पालुपद. कुणी टोकाचं करून बसलं की दुसऱ्या दिवशी म्हणणार, ‘मला तं तव्हाच कळलं होतं.’ तव्हा बोलला का नाहीत, हे कुणी विचारत नाही. चहा मामांचा असतो.

शेतकऱ्यांच्या मनाची विचारपूस करायला २०१५ साली मराठवाडा-विदर्भाच्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ आला, त्यात परभणी होतीच. आता गावोगावच्या आशाताई तिशीपुढच्या सगळ्यांचा आरोग्य तपासणीचा ‘सीबॅक’ फॉर्म भरतात. तंबाखू खाता का, कंबर किती, आणि शेवटी मनाचे दोन प्रश्न: गेल्या दोन आठवड्यांत कामात गोडी वाटली नाही, असं किती दिवस? उदास वाटलं, असं किती दिवस? दर प्रश्नाला शून्य ते तीन गुण. बेरीज तीनच्या वर गेली की पुढच्या तपासणीला पाठवायचं.

‘दोन सवालांत माणूस कळतो व्हय?’ मामा हसतात. पण पॉल मील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ सालीच तज्ज्ञांचा अंदाज आणि साधी बेरीज समोरासमोर ठेवली होती. वीसेक अभ्यासांत बेरीज क्वचितच हरली. मामांच्या जमातीने हे अजून मनावर घेतलेलं नाही.

बेरीज म्हणजे काही देववाणी नव्हे. आत्महत्येचा अंदाज बांधण्याच्या पन्नास वर्षांच्या संशोधनाचा २०१७ साली आढावा घेतला, तर नाणं उडवण्यापेक्षा जेमतेम बरा निकाल निघाला. धोक्याच्या यादीतले बहुतेक जण सुखरूप राहतात, आणि यादीत नसलेला एखादा जातो. हे ऐकून मामा खूश. कागदाची चूक कागदावर राहते. मामांच्या चुकांची वही कुणी घातलीच नाही.

मामांची कंबर मोजून झाली. टेपकडे त्यांनी बघितलं नाही.

‘कामात गोडी, मामा?’

‘झकास! त्या शेजारच्याचं लिही, लय खचलाय.’

‘त्यांना त्यांच्या घरी विचारते. तुमचं सांगा.’

आतून मामी म्हणाल्या, ‘पंधरा दिस झाले, रानात पाय नाही ठिवला.’

मामांनी आशाताईच्या तोंडाकडे निरखून बघितलं. ‘पोरी, तूच लय दमलेली दिसतीस.’

‘दमलेच की, मामा. आकडा सांगा.’