मटकी भिजवली का?

२०२५च्या जूनमधला शेवटचा रविवार. वडाळ्यात कात्रक रोडपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या प्रस्तुत लेखकाने दुपारची झोप सोडून लॅपटॉप उघडला आणि ज्या खात्यात आजवर कोणी त्याला विचारलं नव्हतं, त्या खात्यात हात घातला. खातं स्वयंपाकघराचं.

निमित्त महिन्याच्या हिशेबाचं. किराणा, दूध, भाजी हे नेहमीचे आकडे होतेच. त्यांच्याखाली ‘कंटाळा आला म्हणून’ घरपोच मागवलेल्या जेवणांची यादी होती आणि ती किराण्याच्या यादीपेक्षा लांब होती. एकूण आकडा इथे दिला असता, पण हा लेख बायकोही वाचणार आहे.

ऑफिसात वीस वर्षं अंदाजपत्रकं केलेल्या माणसाला पाच माणसांचं घर म्हणजे काय मोठंसं वाटावं? सात वार, दिवसाला तीन वेळा, एकवीस चौकोन. प्रत्येक चौकोनात पदार्थ, त्याखाली अंदाजे खर्च, आणि तो कोण करणार त्याची आद्याक्षरं. रविवारच्या चौकोनात, माणसांना जगण्यात रस राहावा म्हणून, कोंबडी. तक्ता रंगीत छापून संध्याकाळी फ्रिजवर लागला. नेमका ‘कालनिर्णय’च्या शेजारी. ती जागा चुकली.

आईने चष्मा लावला. वरून खाली बोट फिरवत आणलं आणि पहिल्याच ओळीवर थांबवलं.

“सोमवारी रात्री अंड्याची बुर्जी?”

“हो. स्वस्त आणि झटपट.”

“सोमवार आहे, अरे.”

आईचा युक्तिवाद इथेच संपला. मराठी घरात याहून जास्त पुरावा लागत नाही.

मग एकेक चौकोन पडू लागला. सोमवार आईचा. मंगळवार बायकोचा, सिद्धिविनायकाचा. गुरुवारही आईचाच, दत्ताचा. शनिवार मुलाचा: दहावीच्या परीक्षेपुरता म्हणून धरलेला मारुती बारावी झाली तरी सोडायची त्याची हिंमत होत नव्हती. उरले बुधवार, शुक्रवार, रविवार. मुंबईची निम्मी मासेखाऊ घरं याच तीन वारांवर तग धरून असतात, आणि हे कोळणींना अर्थशास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक आहे. बुधवारी घासाघीस करून बघा, कळेल.

तर बुधवारच्या चौकोनात बांगड्याचं तिखलं होतं. बायको म्हणाली, “बंदी आहे ना सध्या!” १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारीची मनाई असते, माशांच्या विणीचा हंगाम म्हणून. बोटी किनाऱ्याला लागलेल्या आणि लेखकाचा बांगडा तेवढा तक्त्यात पोहत होता. त्याच्या जागी सुकट आली. शुक्रवारी पालकाचं वरण होतं. आईने कॅलेंडरवर बोट ठेवलं: ४ जुलै, आषाढ शुद्ध नवमी, म्हणजे कांदेनवमी. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं सोडायचं, त्याआधी ते पोटभर खाऊन घ्यायचा दिवस. पालक गेला, भजी आली, आणि तक्त्यातला आठवड्याभराच्या तेलाचा आकडा एका संध्याकाळीच कढईत गेला.

आणि रविवार? रविवारी ६ जुलै होती.

आषाढी एकादशी! वडाळ्यात राहून, ज्या देवळाला सगळी मुंबई प्रतिपंढरपूर म्हणते त्या विठ्ठल मंदिराच्या अंगणात राहून, आषाढीला कोंबडी, दर माणशी पाव किलो. आई फक्त “विठ्ठल, विठ्ठल” म्हणाली. ते देवाला उद्देशून नव्हतं.

तेव्हा लेखकाच्या लक्षात आलं की आठवड्याचं नियोजन या घरात आधीच झालेलं आहे. ते फ्रिजवर नसून भिंतीवर आहे. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ काढलं, त्याच्या पुढच्या बाजूला काय खायचं नाही ते असतं आणि पानामागे काय करून खावं त्याची पाककृती. शिवाय या जुन्या नियोजनात पैशांचं भान नाही असं म्हणायची सोय नाही. आठवड्यातले चार दिवस मांस-मासळी बंद म्हणजे खिशाला चार दिवस सुट्टी. चातुर्मासाचंच पाहा. उन्हाळी कांदा काढून शेतकरी तो हवेशीर चाळीत साठवतात. (लालबागची माणसंच चाळीत राहतात असं नाही, नाशिकचा कांदाही राहतो.) पावसाळ्याच्या दमट हवेत तो सडतो, कोंब धरतो, वजनाला घटतो आणि पुढे खरिपाचा नवा कांदा येईपर्यंत बहुतेक वर्षी भाव चढत जातो. कांदा महागायला लागावा आणि आईने तो सोडावा! धर्मशास्त्र आणि लासलगाव यांची ही जुळणी कोणी करून दिली हे शास्त्रीमंडळींनी शोधावं. लेखकाने आपल्या तक्त्यात तिचं श्रेय स्वतःकडे घेऊन पाहिलं, पण कोणी फसलं नाही.

उपासाचं मात्र उलट. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण पोटाबद्दल आहे असं समजतात. ती पाकिटाबद्दलही आहे. साबुदाणा, दाण्याचं कूट, साजूक तूप, बटाटा, रताळं, केळी, खजूर. आठवड्यातला सगळ्यांत महाग दिवस उपाशी राहण्याचा निघाला. आणि गंमत अशी की साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कसावा, बटाटा, शेंगदाणा, रताळं आणि खिचडीतली हिरवी मिरची, ही पाचही मंडळी मूळची अमेरिका खंडातली, कोलंबसानंतर इकडे आलेली. ज्ञानोबामाउलींच्या काळात साबुदाण्याची खिचडी कोणी खाल्ली असणं शक्यच नाही. लेखकाने हे आईला सांगितलं. आई म्हणाली, “मग तू वऱ्याचे तांदूळ खा.” खिचडी बाकीच्या चौघांत वाटली गेली.

सोमवारी संध्याकाळी लेखक यादी घेऊन कात्रक रोडच्या बाजारात गेला. यादीत फरसबी होती. फरसबीचा भाव ऐकून त्याने तो पुन्हा विचारला. ऐकण्यात चूक नव्हती. घाटावर पाऊस झाला की वाशीच्या बाजारात गाड्या कमी येतात आणि रात्रीतून भाव उड्या मारतात, हे त्याला वर्तमानपत्र वाचून माहीत होतं. भाजीवालीसमोर उभं राहून माहीत नव्हतं. “साहेब, फरसबी कशाला, दुधी न्या ना, आज दुधी स्वस्त आहे,” ती म्हणाली. “दुधी गुरुवारी आहे,” लेखक म्हणाला. ती काही बोलली नाही. शेजारच्या लिंबूवालीकडे तिने नुसतं पाहिलं.

फरसबी घेऊन तो घरी आला. बायको त्याच वेळी ऑफिसातून सुटून स्टेशनवरून येताना दुधी घेऊन आली होती. तिचा बाजार उलटा चालतो: काय करायचं ते घरून ठरवून निघत नाही, जे स्वस्त आणि ताजं दिसेल ते उचलते आणि जिना चढता चढता बेत ठरवते. तिला विचारलं तर ती याला नियोजन म्हणत नाही. ‘भाजी आणली’ म्हणते.

आई या विषयावर बोलायला लागली की लालबागला पोचते. तिचं माहेर तिथल्या चाळीतलं, आणि शेजारच्या खोलीत एक मावशी खाणावळ चालवायच्या. गिरणगावात अशा बायका गल्लोगल्ली होत्या. घाटावरून, कोकणातून आलेले गिरणीकामगार एकेका गाळ्यात दाटीवाटीने राहत, पाळ्यांप्रमाणे झोपत आणि दोन वेळा अशा बाईंकडे जेवत. पैसे पगार झाल्यावर. तोवर वाण्याची उधारी, नाहीतर सावकाराचं व्याज. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. सही करायला न शिकलेल्या कित्येक जणींनी अंगठा उठवून ते घेतलं.

मावशींकडे तक्ता नव्हता. डाळ किती उरली ते त्या डबा हलवून आवाजावरून सांगत. एक माणूस वाढला तर आमटीत एक तांब्या पाणी आणि चिंचेचं एक बोटूक. चतकोर भाकरी उरली तर सकाळी तिचा फोडणी दिलेला कुस्करा. शनिवारी कडधान्य भिजलं की आईला कळायचं उद्या कुणाची पाळी नाही. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले, आणि तो संपलाच नाही. जेवणारे गावाला गेले. मावशींची वही बरीच वर्षं आईच्या माहेरी फळीवर पडून होती. तिच्यात नावं होती आणि नावांपुढे येणं.

आईच्या तोंडून महागाई हा शब्द निघाला की त्यामागे एक लाटणंही येतं. १९७२ साली, दुष्काळाच्या वर्षात, मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महागाईविरुद्ध बायकांची संयुक्त समिती उभी केली आणि बायका थाळ्या-लाटणी वाजवत रस्त्यावर उतरल्या. आई त्या मोर्चात होती. निदान ती तसं सांगते. मामाच्या मते ती गॅलरीतून बघत होती. लाटणं मात्र अजून घरात आहे, एका टोकाला पिचलेलं, आणि तक्त्याविषयीची चर्चा तापली तेव्हा ते आईच्या हातात होतं, पोळ्या लाटण्यासाठीच, असं गृहीत धरू.

लेखक हटला नाही. स्वस्त जेवणाचा काही सरकारी मापदंड असावा म्हणून त्याने शिवभोजन थाळीचे नियम काढले. २६ जानेवारी २०२०ला सुरू झालेल्या या थाळीत तीस-तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, दीडशे ग्रॅम भात, शंभर ग्रॅम वरण. ग्राहकाला दहा रुपये. मंगळवारी रात्री त्याने वजनकाटा काढून घरची पोळी तोलली. पन्नास ग्रॅम भरली. “शहरात त्या थाळीचा खर्च पन्नास रुपये धरलाय,” मुलगी मोबाइलवर वाचत म्हणाली. “वरचे चाळीस सरकार देतं. आपल्याला कोण देणार, बाबा?” वजनकाटा परत कपाटात गेला.

बुधवारी खरी नाचक्की झाली. डब्याला मटकीची उसळ. हा तक्त्यातला हुकमी एक्का: स्वस्त, पौष्टिक, झटपट. सकाळी सहाला बायकोने विचारलं, “मटकी कुठेय?” लेखकाने फडताळातून बरणी काढून दिली. ती मटकी खडखडीत कोरडी होती. उसळ झटपट होते ती तिसऱ्या दिवशी; पहिल्या रात्री भिजवायची, सकाळी उपसून फडक्यात बांधायची आणि मोड यायची वाट बघायची. मे महिन्यात मुंबईच्या उकाड्यात एका दिवसात लांब शेपट्या येतात. पावसाळ्यात ती गारठते आणि नीट निथळली नाही तर वास मारते. म्हणून पुरचुंडी गॅसच्या शेगडीजवळ किंवा बंद कॅसरोलमध्ये ठेवायची. वालाचं तर त्याहून कठीण: मोड आल्यावर एकेक दाणा सोलायचा. तक्त्यात या कशालाच चौकोन नव्हता. बुधवारच्या उसळीचा चौकोन सोमवारी रात्री असायला हवा होता, आणि सोमवारी रात्री लेखक फरसबीचं समर्थन करत बसला होता. त्या दिवशी पाचही डब्यांत फोडणीचा भात गेला.

गुरुवारी आमटी अळणी झाली. तक्त्यात ‘आमटी’पुढे दोघांची आद्याक्षरं होती, त्यामुळे मीठ दुसऱ्याने घातलं असेल असं प्रत्येकाला वाटलं. खर्चाच्या रकान्यात मिठापुढे लेखकाने ‘नगण्य’ असं लिहिलं होतं. वडाळ्यात असं लिहू नये. मिठाच्या सत्याग्रहात १ जून १९३०ला इथल्याच मिठागरांवर पंधरा हजारांच्या आसपास माणसं चालून गेली होती आणि लाठ्या खाऊन मूठमूठ मीठ घेऊन परतली होती. आईने मिठाचं भांडं ताटाशेजारी ठेवलं.

शुक्रवारची भजी उत्तम झाली. तिच्याबद्दल तक्त्याने काही बोलू नये.

रविवारी सकाळपासून देवळाची रांग कात्रक रोडवर कुठच्या कुठे गेली होती, वाहनं बंद, दिंड्यांचे टाळ खिडकीतून घरात. भाजीच्या पाट्यांच्या जागी तुळशीमाळा आणि बुक्का. आई पहाटेच दर्शन घेऊन आली. दुसऱ्या दिवशी द्वादशी, म्हणजे पारणं, आणि वार सोमवार, म्हणजे उपास. हा पेच कसा सुटणार याची लेखकाला उत्सुकता होती. आईने तो आदल्याच दिवशी सोडवून ठेवला होता: सकाळी वरणभाताचा घास घेऊन एकादशी सोडायची, आणि हात धुतला की सोमवार धरायचा.

संध्याकाळी बायकोने फ्रिजवरचा तक्ता काढला. मागची बाजू कोरी होती. तिथे तिने इस्त्रीवाल्याचे कपडे लिहून घेतले आणि तो परत लावला, यावेळी उलटा.

रात्री साडेदहा वाजता दिवे गेले, म्हणजे मालवले गेले. टाळ अजून ऐकू येत होते. आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, “परवाच्या उसळीची मटकी भिजवली का रे?”

लेखक उठला. अंधारातच फडताळ उघडलं, बरणी चाचपली, हलवून पाहिली. आवाजावरून अर्धी असावी.

“मोठं पातेलं घे,” बायको झोपेत म्हणाली. “फुगते ती.”