मामींचं खरं वय

"ऐकलंस काय, समोरच्या मामी पडल्या की!"

अक्का आठव्या क्रॉसवरून भाजी घेऊन आल्या, की पिशवी आधी आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर टेकते. मल्लेश्वरमची खबर भाजीच्याही आधी बाहेर निघते. बेळगाव सोडून त्यांना किती वर्षं झाली कुणास ठाऊक, पण 'की' काही सुटलेली नाही.

"कुठे पडल्या?"

"न्हाणीत. तरी मनगटावर निभावलं. प्लास्टर घालून आणलंय. मुलगा अमेरिकेतून फोनवर सांगतोय, अम्माचं हाड चांगलं आहे, मागच्या वर्षी मशीनवर तपासलंय. टी-स्कोअर का काय तो उणे 2.1 आला होता म्हणे. उणे 2.5 वर किंवा त्याखाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणून सगळे निवांत!"

"अहो अक्का, उणे 2.1 वाल्यांचीही हाडं मोडतात. उलट मोडलेल्यांत त्याच जास्त निघतात, कारण अशा बायकाच संख्येनं जास्त."

"मग मशीन कशाला?"

"मशीन हाड किती भरीव आहे तेवढं सांगतं. बाकीचं माणसाला विचारावं लागतं. सासूबाईंना दाखवायला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर एक फॉर्म उघडला, फ्रॅक्स नावाचा. इंग्लंडातल्या शेफील्ड विद्यापीठातून 2008 साली निघाला. वय 40 ते 90 मध्ये असलं, की पुढच्या 10 वर्षांत मणका, मनगट, खांदा नाहीतर खुबा मोडायची शक्यता किती टक्के, ते सांगतो. खुब्याची वेगळीही सांगतो."

"म्हणजे पत्रिकाच की! मग मांडू मामींची. काय विचारतात?"

"पहिलं वय."

"68. गेली पाच वर्षं 68च सांगतायत."

"वय चोरलं की टक्केही तेवढे कमी येणार. मग वजन आणि उंची."

"उंची लग्नातली सांगतील, पाच फूट तीन इंच. पण परवा टेलरकडे सगळे परकर आखूड करून घेतले त्यांनी, मी तिथंच होते."

"हे डॉक्टरांना सांगायला हवं. तरुणपणापेक्षा चार सेंटिमीटरहून जास्त उंची गेली असेल, तर पाठीचा एक्स-रे काढून मणका दबलाय का बघतात. मणका मोडला तरी कितीतरी जणींना पत्ता नसतो, पाठ दुखते म्हणून बाम चोळत बसतात. बरं, आई-वडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला होता का?"

"आईचा! म्हैसूरला. अंथरुणाला खिळली ती उठलीच नाही बिचारी."

"डॉक्टरांना माहीत आहे?"

"डॉक्टर काय भिंतीला टेकून विचारतात होय?"

"स्टिरॉइडच्या गोळ्या? तीन महिन्यांच्या वर घेतल्या असतील तर मोजतात."

"दम्याला कसल्या तरी पांढऱ्या गोळ्या होत्या. नाव नाही माहीत."

"चिठ्ठी शोधायला सांगा. सांधेदुखी?"

"गुडघे तर सगळ्यांचेच दुखतात."

"गुडघे चालत नाहीत, रुमॅटॉइड लागतो. शिवाय सिगारेट, आणि रोजचे तीन पेग."

"इश्श! ते मामांचं."

"मग मामांचाही फॉर्म भरू दे. पुरुषांची हाडं काय पोलादाची नसतात."

अक्कांनी आवाज खाली घेतला. "मुलानं काल रात्री तिकडूनच भरला म्हणे. देश अमेरिका टाकला."

"मामी तर इथे सँकी टँकला फेऱ्या मारतात! देश बदलला की आकडा बदलतो. तिथे हाडं किती मोडतात, माणसं किती जगतात, यावर ते गणित बेतलेलं असतं. यादीत भारत आहे, तोच निवडायचा."

"आणि समजा 20 टक्के आलं, तर?"

"मामींसारख्या 100 बायकांतल्या 20 जणींचं हाड 10 वर्षांत मोडेल, एवढाच अर्थ. मामी त्या 20 जणींत की उरलेल्या 80 त, हे कुणीच सांगू शकत नाही. पण औषध द्यायचं का, हे ठरवायला डॉक्टरांना हाताशी काहीतरी मिळतं."

"सगळं विचारतात की मग!"

"नाही ना. मूळ फॉर्म वर्षात किती वेळा पडलात, हे विचारत नाही. म्हातारपणची साखर, म्हणजे टाइप 2 मधुमेह, तोही धरत नाही. खरं तर दोन्हींनी धोका वाढतो."

"मामींना साखर आहे. आणि गौरी-गणपतीतही पडल्या होत्या. 'घसरले' म्हणाल्या, पडले म्हणाल्या नाहीत."

"शिवाय हाड आधी मोडलंय का, याचं उत्तर फक्त हो किंवा नाही. गेल्या आठवड्यात मोडलं काय नि वीस वर्षांपूर्वी मोडलं काय, त्याला सारखंच. प्रत्यक्षात मोडल्यानंतरची पहिली दोन वर्षं जास्त जोखमीची. म्हणून आकडा आला तरी डॉक्टरांनी चार प्रश्न जास्त विचारायचे, आणि चालवून बघायचं. खुर्चीतून उठा, 3 मीटर चाला, वळा, परत येऊन बसा. 12 सेकंदांच्या वर लागले, तर पडायची भीती धरतात."

"मला तर उठतानाच 'नारायणा' म्हणायला चार सेकंद लागतात!" अक्का हसल्या. "मी आपली रागी मुद्दे, नाचणीचे गोळे हो, पाठवते मामींना."

"पाठवा की. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पण एकदा हाड मोडलंय, आता नुसत्या मुद्द्यांवर भागणार नाही. धोका जास्त निघाला तर आठवड्याची गोळी किंवा वर्षातून एकदा सलाईनमधून औषध, ते डॉक्टर ठरवतील. आणि न्हाणीत धरायला दांडी बसवा म्हणावं, आजच."

अक्का पिशवी उचलून सरळ मामींच्या फाटकाकडे निघाल्या, परकरांची गोष्ट त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायला.

तर वाचकहो, घरात पन्नाशीपुढचं कुणी साध्या पडण्यानं हाड मोडून बसलं असेल, तर प्लास्टर निघालं म्हणजे प्रकरण मिटलं असं समजू नका. पुढे आणखी मोडायचा धोका किती, हे डॉक्टरांना विचारा. आईचा खुबा, जुन्या गोळ्या, लपवलेलं पडणं, शेजारणीला जे जे माहीत आहे, ते सगळं डॉक्टरांना सांगा. आणि त्या एका खोलीत तरी वय खरं सांगा.