नाही सापडलं की नाही शोधलं?

युनिक्सच्या ‘फाइंड’ या आज्ञेबद्दल सर्वसाधारण समज असा, की ती बिचारी एकेक डिरेक्टरी पालथी घालते आणि मगच निकाल देते. प्रत्यक्षात जिथे पालथं न घालता भागेल तिथे ती भागवून घेते. जुन्या युनिक्सच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक डिरेक्टरीचे दोन दुवे जन्मजात: एक तिच्या नावाचा, दुसरा तिच्या पोटातल्या ‘.’चा. शिवाय प्रत्येक उपडिरेक्टरी आपल्या ‘..’मधून तिच्याकडे बोट दाखवते. म्हणजे तीन उपडिरेक्टऱ्या असल्या की दुवे 5. फाइंड त्यातून 2 वजा करते आणि तीन उपडिरेक्टऱ्या भेटल्या, की उरलेल्या नोंदी साध्या फायली समजून त्यांची विचारपूस सोडून देते. दाराबाहेरच्या चपला मोजून घरातली माणसं सांगावीत, तसा हा हिशोब आहे. आणि जिथे चपला बाहेरच काढतात तिथे तो बिनचूक येतो.

गोची होते ती युनिक्सचा नुसता वेश घेतलेल्या घरी. विंडोजवरचं सिग्विन घ्या, एमएस-डॉसची फॅट रचना घ्या किंवा सीडी घ्या. तिथला दुव्यांचा आकडा पोटातल्या डिरेक्टऱ्यांशी बांधील नसतो. अशा एखाद्या रचनेने सरसकट 2 सांगितले, तर फाइंडच्या लेखी उपडिरेक्टऱ्या शून्य. ती आत जात नाही, तक्रार करत नाही, काम फत्ते झाल्याच्या थाटात परत येते. काखेत कळसा असताना गावाला वळसा घालणाऱ्याने निदान गाव तरी पाहिलेलं असतं! आकड्यापेक्षा जास्त डिरेक्टऱ्या भेटल्याच, तर ती इशारा देते, की आधीच्या निकालांतून काही डिरेक्टऱ्या सुटल्या असतील. बैल गेला आणि झोपा केला.

कुणी म्हणेल, दोष वेश घेणाऱ्याचा. पण दुव्यांचा हा हिशोब रिवाज आहे, करार नव्हे. न दिलेलं वचन मोडल्याचा ठपका कसा ठेवणार? दुसरा आक्षेप वेगाचा, आणि तो रास्त आहे: संथ डिस्कवर प्रत्येक नोंदीची चौकशी महागच पडायची. पण उशिरा मिळालेलं उत्तर उशिरा का होईना, उपयोगी पडतं. न शोधता दिलेला नकार मात्र खऱ्या नकारासारखाच दिसतो. म्हणून संशय आला तर ‘एलएस -एलडी’च्या दुसऱ्या रकान्यातला आकडा बघावा, तो उपडिरेक्टऱ्यांशी ताडावा, आणि जुळत नसेल तर ‘-नोलीफ’ हा पर्याय लावून फाइंडला दारोदार हिंडवावं. बीटीआरएफएस ही फाइल-रचना तर प्रत्येक डिरेक्टरीचा आकडा 1 सांगते. रिवाजाने 1 अशक्यच, त्यामुळे फाइंड हिशोब गुंडाळून ठेवते आणि मुकाट्याने सगळं धुंडाळते. उघड अशक्य आकडा सांगणाऱ्याकडे झडती चोख होते. घोळ घालतो तो शिष्टाचाराने 2 सांगणारा.